नळीतली फुंकर

१

गॅरेजमध्ये पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाचं काम घेऊ नये, असं ट्यूनरबाईचं जुनं मत होतं. ज्याला बुटांची काळजी त्याला इंजिनाची नसते, आणि ज्याला इंजिनाची असते त्याच्या बुटांकडे बघवत नाही. पण आपलं मत असणं वेगळं आणि नवऱ्याने आधीच "या ना, बसा," म्हणून टाकलेलं असणं वेगळं.

नवरा फिटिंग करायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. तिचं काम लॅपटॉपवरचं: इंजिनाला पेट्रोल किती, हवा किती, ठिणगी कधी. बाहेर काउंटरवर तिची थोरली नणंद बसायची. तिघांनी मिळून चालवलेलं गॅरेज, एकवीस वर्षांचं. तरी गिऱ्हाईक दारात आलं की तिला म्हणणार, "मॅडम, साहेबांना बोलावता का जरा?"

पांढऱ्या बुटांनीही तेच केलं. तिच्या डोक्यावरून मिस्त्रीकडे बघत एक खोका पुढे केला.

"बूस्ट कंट्रोलर आहे. बसवून द्या. दीड बार दाब हवाय मला."

"एक पूर्णांक एक," ट्यूनरबाई म्हणाली. "त्याच्यावर गेलात तर पिस्टन वितळतील."

तो मिस्त्रीला म्हणाला, "यांना जरा समजावून सांगा ना."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"समजावून इथे मी सांगते! टर्बो म्हणजे काय, ठाऊक आहे? धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो. हवा फार झाली की एक झडप उघडते आणि धूर बाजूने निघून जातो, म्हणून इंजिन जिवंत राहतं. तुमचं हे खोकं त्या झडपेशी खोटं बोलतं. अजून दाब झालाच नाही, थांब, उघडू नकोस, असं सांगत राहतं. किती वेळ खोटं बोलायचं ते मी ठरवणार. पटत असेल तर गाडी ठेवा."

पांढरे बूट मिस्त्रीकडे बघून हसले आणि किल्ली त्याच्या हातात देऊन गेले.

तिने खोका उघडला. आतली वस्तू वापरलेली होती. काळ्या डबीवर कंपनीचं नाव खरवडून काढलेलं, आणि तिची रबरी नळी एका टोकाला चावल्यासारखी चपटी झालेली.

"जुनं सामान आणून माझ्या माथी मारतो!" ती म्हणाली.

"अगं, चालेल," मिस्त्री म्हणाला. तो जगातल्या प्रत्येक गोष्टीला चालेल म्हणायचा. ती चिडायची, तो चालवून घ्यायचा, आणि संसाराचं गाडं असं दोन्ही चाकांवर बरं चाललेलं होतं.

२

बसवायला दीड तास लागला. टर्बोपासून झडपेकडे जाणारी नळी मिस्त्रीने मध्ये कापली आणि तिथे कंट्रोलरचा व्हॉल्व्ह जोडला. एक बारीक नळी आत स्टिअरिंगखाली नेली, म्हणजे दाबाचा आकडा काळ्या डबीवर दिसेल. चपटं टोक कापून टाकलं. मग, व्हॉल्व्ह नीट उघडतो-मिटतो का ते बघायला, त्याने नळीचं तोंड ओठांत धरलं आणि फुंकर मारली.

ही त्याची खोड होती. बापाकडून शिकलेली.

"तोंड लावू नका म्हणून शंभरदा सांगितलंय," ती टेस्टरूमच्या दारातून ओरडली. "पंप कशाला आणून ठेवलाय मग?"

नळी ओठांपासून जराशी लांब धरून तो तिच्याकडे बघत होता, म्हणजे नळीकडे.

"काय झालं?"

"आतून परत फुंकलं कुणीतरी."

"परत म्हणजे?"

"मी फुंकलं, थांबलो. तर आतून आली. गरम." त्याने बाहीने तोंड पुसलं. "तोंडाला वास येतो ना सकाळी उठल्यावर, तसा वास."

"दाब अडकला असेल नळीत. सुटला."

"इंजिन सकाळपासून बंद आहे."

"मग तुमचीच हवा परत आली. जाईल कुठे?"

हे त्याला पटलं, किंवा त्याने पटवून घेतलं. नळी जोडली, क्लिप आवळली, आणि दोनदा चूळ भरून आला.

३

टेस्टरूम म्हणजे मागच्या बाजूची एक लांबट खोली. जमिनीत दोन जाड रोलर, त्यांवर गाडीची पुढची चाकं. गाडी जागच्या जागी ताशी शंभरने पळते आणि हलत मात्र नाही. भिंतींना आवाज शोषणारा फोम, समोर मोठा पंखा, आणि बाजूला जाड काचेची खिडकी, जिच्यातून अंगण आणि पलीकडचं काउंटर दिसायचं.

ट्यूनरबाईने शून्य पूर्णांक आठपासून सुरुवात केली. एकेक पायरी, प्रत्येक पायरीला पेट्रोल जुळवायचं, ठिणगी थोडी मागे घ्यायची, कान द्यायचे. एक पूर्णांक एकला पोचली तेव्हा पडद्यावर दाबाची रेघ अशी चढली आणि अशी सपाट थांबली, की पट्टी लावून ओढावी. एवढ्या वर्षांत अशी रेघ तिने चार-पाचदाच बघितली असेल. गिऱ्हाइकाला यातलं ओ की ठो कळणार नाही, ही खंत होतीच, पण स्वतःशी ती खूश झाली.

तिने इंजिन बंद केलं. पंखा बंद केला. रोलर घरघरत थांबले.

लॅपटॉपवर नोंद अजून चालूच होती. दाबाची रेघ खाली आली, शून्याला टेकली, आणि पुन्हा उचलली गेली.

थोडीच. नखाएवढी. मग खाली, मग पुन्हा वर.

तिने पुढे वाकून बघितलं. चढायला थोडा वेळ, उतरायला त्याहून जरा जास्त, खाली एक क्षण विसावा. तिने घड्याळ लावलं. मिनिटाला पंधरा.

"भिकार सेन्सर," ती म्हणाली.

कपाटातला स्वतःचा, खात्रीचा सेन्सर काढून लावला. मिनिटाला पंधरा. वायर बदलली. पंधरा. गाडीची बॅटरी सोडवून लॅपटॉप त्याच्या स्वतःच्या चार्जवर चालवला. सेन्सरचं टोक नळीतून काढून हातात धरलं, तेव्हा रेघ मेल्यासारखी सपाट झाली. म्हणजे यंत्र ठीक होतं. जे होतं ते नळीत होतं.

भीती वाटण्याची ही वेळ होती. पण ट्यूनरबाईचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा आणि तिथे एका वेळी एकच बसू शकतं. कुणीतरी आपल्या कामाची थट्टा करतंय, एवढंच तिला कळत होतं. तिने वहीतला एक कागद फाडला आणि बॉनेटखाली एअर फिल्टरच्या तोंडासमोर धरला.

कागद फिल्टरला चिकटला. सुटला. चिकटला.

इंजिनावर हात ठेवला, तर ते निवत आलेलं होतं.

४

तिने ठरवलं की आधी पोटात दोन घास ढकलावेत, मग बघू. ती डबा घेऊन काउंटरमागच्या खोलीत गेली तेव्हा मिस्त्री आधीच खुर्चीवर टेकला होता. अंगणातून आत यायला तीन पायऱ्या, आणि त्या चढून त्याला धाप लागली होती.

"काय हो, म्हातारे झालात का?"

"होतंय कसंतरी," तो म्हणाला. "छाती भरल्यासारखी वाटते. भरते आणि थोडी उरतेच."

"सकाळची ती नळी तोंडात घातलीत ना! तेलकट वाफ गेली असेल पोटात."

"असेल."

जेवून ती परत गेली, तेव्हा कंट्रोलरच्या डबीवर आकडा होता एक पूर्णांक दोन.

तिने एक पूर्णांक एक लावला होता. वहीत लिहिलं होतं, खाली दोनदा रेघ मारली होती. ती तशीच बाहेर गेली.

"वन्सं, टेस्टरूममध्ये कोण गेलं होतं?"

नणंद पावत्या लावत होती. "ते पांढरे बूट डोकावून गेले मघाशी. काचेतून बघितलं, म्हणाले वास बरा येतोय."

"आत गेले?"

"मी असताना? जाईल कसा? अन् वहिनी, माझ्याकडे अशा बघू नका, मला ते रेडिओचं बटण फिरवता येत नाही अजून."

ट्यूनरबाईने पांढऱ्या बुटांना फोन लावला आणि उभा-आडवा घेतला. माझ्या सेटिंगला हात लावायची हिंमत कशी झाली, गाडी तुमची असली तरी खोली माझी आहे, वगैरे. तो गडबडून गेला.

"मॅडम, शपथ घेतो. मी आत पाऊल नाही टाकलं. आणि मला ते करताही येत नाही." मग हळूच म्हणाला, "पण वाढलाय का? किती झालाय?"

त्या आवाजातली हाव ऐकून तिने फोन आपटला. आकडा खाली आणला, डबीला चार अंकी कुलूप लावलं, टेस्टरूमला बाहेरून कडी-कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

तासाभराने दार उघडलं. डबीचं कुलूप तसंच होतं, आकडा एक पूर्णांक तीन.

आणि बाहेर अंगणात मिस्त्री एका हाताने भिंत धरून उभा होता. दुसऱ्या हाताने शर्टाचं वरचं बटण उघडत होता.

५

"इकडे या," तिने बोलावलं. "बसा इथे. मला एक बघायचंय."

तो टेस्टरूममध्ये स्टुलावर बसला. लॅपटॉप तिच्याकडे तोंड करून होता, त्याला पडदा दिसत नव्हता. रेघ चढत होती, उतरत होती, आता मिनिटाला वीस.

मिस्त्री तीनदा खोकला.

रेघेवर तीन टोकं उमटली. बारीक, एकापाठोपाठ एक. मग पुन्हा आपली चढ-उतार.

माणसाचं डोकं कसं असतं बघा: तिने आधी स्वतःचा श्वास रोखला. रोखून, गाल फुगवून पडद्याकडे बघत राहिली. रेघेला काही सोयरसुतक नव्हतं, ती चालत राहिली. तेव्हा तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

"आता तुम्ही श्वास धरा."

"काय?"

"धरा म्हणते ना. पाण्यात डुबकी मारताना धरतो तसा."

"वेड लागलंय तुला," तो हसत म्हणाला, पण त्याने धरला.

रेघ वर गेली आणि वरच राहिली. सपाट. ती रेघ बघत होती आणि तो तिच्याकडे बघत होता, भुवया उंचावून, अजून किती असं विचारत. काचेपलीकडे नणंद कुणाशी तरी फोनवर मोठ्याने बोलत होती. अठरा, एकोणीस, वीस. मिस्त्रीने हुश्श करून श्वास सोडला.

गाडीने सोडला. बॉनेटखालून, हलक्या आवाजात, हुश्श.

"हे काय होतं?" तो म्हणाला.

"काही नाही. दाब सुटला." तिने लॅपटॉप मिटला. "वन्संना घेऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जा. आत्ता."

"अगं, एवढं काही—"

"चालेल म्हणू नका! एकदा तरी म्हणू नका!"

६

ते दोघं गेल्यावर ती गाडीसमोर उभी राहिली.

तिला सांगायला कुणी नव्हतं, म्हणून ती गाडीलाच बोलली. एकवीस वर्षं मी इथे राबले, म्हणाली. लोकांनी जाळलेली इंजिनं दुरुस्त केली आणि वर त्यांचे टोमणे खाल्ले. माझ्या हातून एक गाडी बिघडून गेली नाही. आणि हे काय लावलंय? माझ्या नवऱ्याचा श्वास म्हणजे काय सुटा भाग आहे, कुणीही यावं आणि आपल्या गाडीला लावावा? कुणी दिली परवानगी?

गाडीचा फिल्टर हवा घेत होता आणि सोडत होता. फोमच्या भिंतींत तो आवाज फार जवळचा वाटत होता, उशीवरच्या डोक्यासारखा.

अर्ध्या तासाने अंगणात नणंदेचा आवाज आला. "डॉक्टर म्हणाले फुप्फुसं ठणठणीत. मशीन लावून बघितलं. म्हणाले काळजी करण्याची सवय असते काही बायकांना."

ते ऐकलं आणि तिचं टाळकं फिरलं. काळजी करण्याची सवय! समोरच्या फळीवरची पक्कड तिने उचलली आणि ती नळी, झडपेकडे जाणारी, पकडीत धरून दाबली. अगदी चपटी होईपर्यंत.

अंगणात काहीतरी पडलं. जड.

"वहिनी! अहो वहिनी, धावा!"

काचेतून तिला दिसलं. मिस्त्री गुडघ्यांवर होता, दोन्ही हात गळ्याशी, तोंड उघडं. त्याचे ओठ निळे पडत होते. आवाज मात्र काहीच येत नव्हता त्याच्या तोंडून. आणि तिच्या मुठीत, पकडीच्या खाली, नळी आतून फुगून धडका देत होती.

तिने पक्कड सोडली.

नळी गोल झाली. अंगणात मिस्त्रीने हंबरल्यासारखा श्वास ओढला.

७

त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तो बसून झोपला, ती बसून जागी राहिली. सकाळी गॅरेज उघडलं तेव्हा डबीवर आकडा एक पूर्णांक चार होता, आणि मिस्त्री वाक्यं अर्धीच बोलत होता.

तिने रात्रभर एकच विचार केला होता. नळी काढायची. पण दाबाखालची नळी उघडायची नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. आधी दाब शून्यावर येऊ द्यायचा, मगच क्लिपला हात लावायचा. रेघ दर श्वासाला शून्याला टेकत होती. एक क्षण विसावत होती. तेवढा क्षण तिला पुरेसा होता. तिचे हात जलद होते, हे तिचे शत्रूही मान्य करत.

"वन्सं, यांना काचेसमोर खुर्चीत बसवा. मला दिसतील असे. आणि काही झालं तर मोठ्याने ओरडा."

"करताय काय तुम्ही?"

"माझं काम."

मिस्त्री खुर्चीत बसला. काचेतून त्याने हात हलवला, धापा टाकत. त्याला तिने काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो चालेल म्हणाला असता, आणि ते तिला ऐकवलं नसतं.

तिने क्लिप सैल करून ठेवली. डाव्या हाताने नळी धरली. नळी कोमट होती. लॅपटॉप बॉनेटच्या कडेवर, डोळ्यांसमोर. रेघ चढली, उतरली, टेकली. पहिल्या वेळी तिने नुसतं बघितलं. दुसऱ्या वेळी बोटं आवळली. काचेपलीकडे मिस्त्रीचे खांदे उचलले जात होते आणि पडत होते, रेघेबरोबर, जराही मागेपुढे नाही. खांदे पडले. रेघ उतरली. उतरली. टेकली.

तिने नळी उपटली.

रेघ सपाट झाली. व्हॉल्व्ह, वायर, काळी डबी, सगळं तिने ओरबाडून काढलं, नवी अखंड नळी टर्बोपासून झडपेपर्यंत बसवली, क्लिपा आवळल्या. हे करायला तीन मिनिटं लागली असतील. पूर्ण वेळ काचेपलीकडून ओरडण्याचा आवाज आला नाही. हे चांगलं की वाईट ते बघायला मान वर करण्याचं धैर्य तिला शेवटची क्लिप आवळल्यावरच आलं.

मिस्त्री खुर्चीत स्वस्थ बसला होता. खांदे खाली, हात मांडीवर. चेहऱ्यावर कालपासून प्रथमच रंग होता. तिने बघितलेलं बघून तो उठला, तीन पायऱ्या उतरला, अंगण ओलांडून आला.

"सुटलं," तो म्हणाला. "छाती एकदम हलकी झाली. काय केलंस?"

तिने त्याचा दंड धरला आणि तिथेच, गाडीला टेकून, ती हमसून हमसून रडली. मग डोळे पुसले आणि पांढऱ्या बुटांना फोन केला.

८

तो तासाभरात आला. खोका बघितला आणि त्याचा आवाज चढला.

"काढून टाकलात? मी बसवायला दिला होता! मिस्त्री, हे काय चाललंय?"

"इकडे बघा," ट्यूनरबाई म्हणाली. "मिस्त्रीकडे नाही. माझ्याकडे. हे सामान खराब आहे. कुठे मिळालं ते तुम्ही सांगितलं नाहीत, मला ते लावायचं नाही. गाडी कंपनीतून आली तशी करून दिलीय. हा खोका घ्या आणि नदीत टाका. दुसऱ्या कुणाकडे बसवलात असं माझ्या कानावर आलं, तर तुमच्या घरी येऊन काढून नेईन."

"मी दहा जणांना सांगेन तुमच्याबद्दल!"

"शंभर जणांना सांगा. माझं नाव नीट सांगा, नाहीतर यांचं सांगाल."

नणंद काउंटरमागून म्हणाली, "आणि बूट पुसून जा, तेल लागलंय." तेल लागलेलं नव्हतं, पण तो खाली बघत बघत गेला, आणि दोघी कितीतरी वेळाने हसल्या.

फाटकाशी त्याने रागाने पेडल दाबलं. टर्बोची शीळ चढली. मग त्याने पाय काढला, आणि दाब सुटला. तो सुटतो तेव्हा फुस्स असा आवाज येतो. तिने हजारो वेळा ऐकलेला. या वेळी फुस्सच्या शेवटी काहीतरी होतं. हं-हं. जेवायला बसताना मिस्त्री घसा साफ करतो, तसं.

ती मागे वळली. मिस्त्री भिंतीशी उभा राहून चिंध्यांना हात पुसत होता. त्याचं तोंड मिटलेलं होतं.

कान वाजले असतील, असं ती मनाशी म्हणाली. रात्रभर जागरण होतं.

९

त्या दिवशी गॅरेज लवकर बंद केलं. घरी आले तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. ती पलंगावर पाय सोडून बसली, तो शेजारी, आणि तो बोलायला लागला. कालपासून अर्ध्या वाक्यांवर काढलेला माणूस. आता मोकळा झाला होता. ती डोळे मिटून ऐकत होती.

उद्या त्या टेम्पोचं क्लच करायचंय आणि मागच्या रोलरला ग्रीस द्यायचंय ते मी ताईला सांगितलंय की ग्रीस मागवून ठेव पण ती विसरेल म्हणून मीच जाईन आणि जाता जाता पंप बघून येईन म्हणजे तुला परत ओरडायला नको आणि पुढच्या महिन्यात ती मागची भिंत आहे ना तिला ओल आलीय तो फोम काढून बघायला पाहिजे आणि फोम काढला की खोली दोन दिवस बंद राहील तर त्या दोन दिवसांत आपण कुठेतरी जाऊ या कितीतरी दिवस झाले आपण

तिने डोळे उघडले.

तो थांबला नव्हता. बोलत होता, रोजच्याच सावकाश आवाजात, आणि कुठेच थांबत नव्हता. शब्दांच्या मधे जी एक जागा असते, जिथे माणूस नकळत हवा घेतो, ती जागा येतच नव्हती. ती वाट बघत राहिली.

"पुरे," ती म्हणाली.

तो थांबला. खोलीत काहीच ऐकू येईना. आपल्याशेजारी बसलेल्या माणसाचा जो एक आवाज असतो, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर जो ऐकूही येत नाही, तो नव्हता.

तिने तळवा त्याच्या नाकासमोर धरला, मग तोंडासमोर.

"हात कशाला धरतेस असा?" त्याने विचारलं.

शब्द तिच्या कानांवर आले. तळव्याला काहीच लागलं नाही.

सकाळी खांदे पडले होते, रेघ उतरली होती, शून्यावर. शून्यावर म्हणजे सगळा श्वास त्याच्या छातीबाहेर, गाडीत. त्याच क्षणाची वाट बघून, अचूक, तिने नळी उपटली होती.

तिने राग शोधला. पांढऱ्या बुटांवर, डॉक्टरवर, कुणावरही. तिने फोन घेतला आणि त्या माणसाचा नंबर लावला. गाडी परत आणा, म्हणायचं. जशी आहे तशी, हळू, अगदी हळू चालवत आणा. घंटी वाजत राहिली. कुणी उचलेना.

तिने पुन्हा लावला.

शेजारी मिस्त्रीची छाती वर यायला लागली. सावकाश, आणि मग सावकाश नाही. तोंड मिटलेलं, नाकपुड्या स्थिर, आणि शर्टाच्या गुंड्या ताणल्या जात होत्या. गळ्याच्या शिरा फुगल्या. त्याने तिच्या फोनवर हात ठेवला. हात गरम होता.

"राहू दे गं," तो म्हणाला. "आत्ता नाही उचलणार तो. गाडीला चढ लागलाय."

घंटी वाजत होती.

"उतारावर उचलेल."